संजय गांधीचा पगार, लग्नाआधी आणि लग्नानंतर (सोबत आमच्या सेतू केंद्राचा पण रिव्ह्यू)

मोबाईल लोक दोन दिवस वापरतात आणि रिव्ह्यू टाकून मोकळे होतात, मी हा पगार (म्हणजे सरकारचं दर महिन्याचं निराधार अनुदान) जवळजवळ आठ वर्षं वापरलाय, त्यातली सात माहेरी आणि शेवटचं वर्ष सासरी, म्हणजे मला बोलायचा हक्क आहे असं धरून चालते. सेतू केंद्राचं पण यातच लिहितेय कारण दोन्ही वेगळे करताच येत नाहीत, आमच्यासारख्यांना सरकार म्हणजे शेवटी काउंटरपलीकडे कॉम्प्युटरवर बसलेला तो दादाच.

आधी माझं थोडं, म्हणजे पुढचं कळेल. उजवा पाय, लहानपणीचा पोलिओ, कॅलिपर (पायाला बांधायचा आधार) लावते, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावर अपंगत्व ६२ टक्के. माहेर सोलापूर जिल्ह्यात. ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते, सीझनला बरे पैसे सुटतात आणि पितृपक्षात मशीनवर धूळ बसते. नवरा चाकणला कंपनीत, कॉन्ट्रॅक्टवर, हातात चौदा हजार. त्याला कसलंही अपंगत्व नाही, हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर योजना. कागदावर नाव संजय गांधी निराधार अनुदान योजना, १९८० पासूनची, पण गावात कोणी अनुदान म्हणत नाही, सगळे पगारच म्हणतात. "तुझा पगार आला का गं" असं बायका बँकेच्या पायरीवर एकमेकींना विचारतात तेव्हा नवीन माणसाला वाटेल या सगळ्या झेडपीत मास्तरीण आहेत. १८ ते ६५ वय, निदान १५ वर्षं महाराष्ट्रात राहिलेलं पाहिजे, दिव्यांग असाल तर किमान ४० टक्के, आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१ हजाराच्या आत, दिव्यांगांना ही मर्यादा ५० हजार. मला सुरू झाला २०१७ ला, तेव्हा ६०० रुपये होते. २०१९ ला हजार झाले. जुलै २०२३ पासून दीड हजार. केंद्राची वेगळी दिव्यांग पेन्शन आहे पण तिला ८० टक्के लागतात आणि दारिद्र्यरेषेखाली नाव लागतं, माझे ६२, त्यामुळे ते दार बंदच.

दीड हजारात काय येतं असं विचारणारे भेटतात. कॅलिपरचा पट्टा तुटतो, बुटाचा सोल एका बाजूने झिजतो (माझा डावा बूट कायम नवा आणि उजवा कायम म्हातारा), ते दुरुस्त करून घ्यायचं, मशीनचं तेल, दोरे, मोबाईलचा रिचार्ज, एवढं निघतं. आणि मुख्य म्हणजे ते कोणाकडे मागावे लागत नाहीत. बाबांकडे नाही, भावाकडे नाही, वहिनीकडे तर नाहीच नाही. त्यासाठी मी या योजनेला माहेरी असेपर्यंत बिनधास्त चार स्टार दिले असते. एक स्टार कापला असता तो दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो त्यासाठी. मी जिवंत आहे हे मी स्वतः समोर उभी राहून सांगितलं तरी चालत नाही, त्याचा कागद लागतो.

आता "कुटुंबाचं उत्पन्न" हा शब्द नीट वाचा. माझं उत्पन्न नाही, कुटुंबाचं. माहेरी कुटुंब म्हणजे आई, बाबा, मी. भावाचं रेशनकार्ड वेगळं झालेलं. बाबा शेतमजूर, दाखला निघाला ४५ हजाराचा, आणि तो खोटा होता असंही मी म्हणणार नाही, फार खरा होता असंही म्हणणार नाही. ज्यांनी असे दाखले काढलेत त्यांना कळलं असेल. ५० हजार भागिले बारा करा, महिन्याला ४,१६६ रुपये येतात. आख्ख्या घराचे. आजच्या मजुरीने बाई आठवड्यातून तीन-चार दिवस खुरपायला गेली तरी ती या मर्यादेच्या वर जाते. म्हणजे नियम असा केलाय की प्रामाणिक माणूस त्यात बसूच शकत नाही, आणि मग बसवून घेण्यासाठी तलाठी कार्यालयाबाहेर रांग.

बरं, आता लग्नाचं.

आम्ही दोघं लग्नाआधी पाच महिने चाकणला एका खोलीत एकत्र राहिलोय. हो, राहिलोय, लिहायला लाज नाही, आईला पण आता माहितीये. घरमालकीण मावशींना सांगितलं होतं साखरपुडा झालाय, त्या म्हणाल्या मग पाणी सकाळी सहालाच भरून ठेवत जा, विषय संपला. त्या पाच महिन्यांत त्याचा पगार, माझा पगार, माझं शिवणकाम, सगळं एकाच डब्यात पडायचं, गॅस एक, भाडं अर्धं अर्धं. आणि सरकारच्या हिशोबाने मी निराधार. कोणी विचारलंही नाही कारण फॉर्ममध्ये तसला रकानाच नाही. कुमारिका, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, एवढं सगळं आहे, "एकासोबत राहते" असं कुठे नाही. माझं रेशनकार्ड माहेरचं, आधार माहेरचं, म्हणून मी माहेरची.

मे २०२४ ला रजिस्टर लग्न केलं, नंतर गावात छोटा कार्यक्रम. आणि एका सहीने मी निराधारची साधार झाले. पाय तोच, कॅलिपर तोच, खोली तीच, डबा पण तोच.

आता गंमत बघा. समाजकल्याणची दिव्यांग-अव्यंग विवाहाला प्रोत्साहन द्यायची योजना आहे, २०१४ च्या जीआरची, आमच्या लग्नाच्या वेळी ५० हजाराची होती. त्यात २५ हजाराचं बचत प्रमाणपत्र, २० हजार रोख, साडेचार हजाराचं संसारोपयोगी सामान आणि ५०० रुपये स्वागत समारंभाला. पाचशे रुपयांत स्वागत समारंभ! मी नवऱ्याला म्हटलं आपण दोघांनीच एकमेकांचं स्वागत करूया, वडापाव आणि चहा, वर दहा-वीस उरतील. पण हसण्याचा भाग सोडला तर योजना चांगली आहे, सरकार म्हणतंय की बाबा दिव्यांग मुलीशी लग्न कर, आम्ही पाठीशी आहोत. आणि त्याच सरकारचा दुसरा टेबल म्हणतोय की लग्न केलंस ना, मग आता नवरा बघेल, पगार बंद. एका हाताने एकदाच ५० हजार, दुसऱ्या हाताने दर महिन्याचे दीड हजार काढून घेतले, तेहतीस-चौतीस महिन्यांत हिशोब बरोबर, पुढे सगळा तोटाच. आमचे ५० हजार अजून आलेच नाहीत ते वेगळं, फाईल "वर" आहे. कुठे वर ते कोणी सांगत नाही.

बंद कसा झाला ते नीट सांगते कारण नवीन लग्न झालेल्या मुलींना हेच कोणी सांगत नाही.

लग्नानंतर सगळे म्हणतात नाव बदल, नाव बदल. मी हौसेने आधार बदललं. नवीन आडनाव, नवीन पत्ता. यूडीआयडीवर जुनं नाव. बँकेत जुनं नाव. नेमकं त्याच सुमाराला, डिसेंबर २०२४ पासून, पैसे तहसीलमार्फत न येता थेट डीबीटीने आधार लिंक खात्यात यायला लागले. झालं, जानेवारीचे पैसे आलेच नाहीत. माझं नाव एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं, मशीनला वाटलं या दोन बायका आहेत. तोवर मी माहेरचं रेशनकार्डावरचं नाव कमी करून सासरच्या कार्डावर चढवलेलं, सासूबाईंनीच घाई केली होती, धान्य वाढेल म्हणून. मग फेब्रुवारीत हयातीचा दाखला द्यायला गेले तर तिथल्या मॅडमनी आधार बघितलं, आडनाव बघितलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "लग्न झालं वाटतं? रेशनकार्ड दाखवा." अभिनंदन वगैरे काही नाही.

सासरचं कार्ड केशरी, उत्पन्नात नवऱ्याचे चौदा हजार गुणिले बारा म्हणजे १ लाख ६८ हजार, सासऱ्यांचं थोडं शेत. मर्यादा ५० हजार. मार्चपर्यंतचे अडकलेले पैसे आले आणि एप्रिल २०२५ पासून बंद.

इथे मला सगळ्यात जास्त राग कशाचा येतो तर हा जिना नाही, कडा आहे. ४९ हजार नऊशे असतील तर पूर्ण पगार, ५० हजार शंभर झाले की शून्य. मधे काही नाही. नवऱ्याला पाच हजार मिळत असते तरी शून्य आणि पन्नास हजार असते तरी शून्य. मग काय, लोक डोकं लावतात. रेशनकार्ड वेगळं काढतात, मुलगी लग्न होऊन चार वर्षं झाली तरी माहेरच्याच कार्डावर, आधारवर कुमारी. मला आमच्या सेतूतल्या दादाने नंतर हळूच विचारलं, "ताई, नाव चढवायची एवढी घाई का केली?" मी म्हटलं दादा तुम्हीच तर फॉर्म भरला होता. तो म्हणाला, मी काय कोणाच्या संसारात बोलू.

आमच्या गल्लीत एक काकू आहेत. विधवा, याच योजनेचा पगार आहे. एका माणसाबरोबर सहा-सात वर्षं एकत्र राहतात, तोही बायको गेलेला, दोघांचं चांगलं चाललंय, सगळ्या गल्लीला माहितीये. लग्न लावत नाहीत कारण पुन्हा लग्न केलं की विधवेचा पगार बंद. एरवी गळ्यात दोन वाट्यांचं मंगळसूत्र असतं. हयातीच्या दाखल्याला जायच्या दिवशी त्या रिक्षात बसल्या की ते काढतात, रुमालात गुंडाळून ब्लाऊजमधे ठेवतात आणि परत येताना त्याच रिक्षात घालतात. मी सोबत होते म्हणून बघितलं. रिक्षावाल्याला पण सवय झालीये, तो आरसा वर करतो. मला यात काही फसवणूक वाटत नाही, ज्यांना वाटत असेल त्यांनी दीड हजारात एक महिना काढून दाखवा मग बोलू.

लाडकी बहीणचं पण सांगते कारण सगळे मला तेच विचारतात, मग ते घे ना. तिथे कुटुंबाची मर्यादा अडीच लाख आहे, आम्ही १ लाख ६८ हजारवाले, म्हणजे मी आरामात बसते. पण २०२४ ला जेव्हा फॉर्म चालू होते तेव्हा मला संजय गांधीचे दीड हजार चालू होते, आणि दुसऱ्या सरकारी योजनेतून तेवढे मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही, नियमच तसा, दादाने स्पष्ट सांगितलं आणि बरोबरच सांगितलं. फॉर्म भरायची शेवटची तारीख गेली १५ ऑक्टोबर २०२४. माझा पगार बंद झाला एप्रिल २०२५. नवीन नोंदणी तोवर बंद. म्हणजे एका योजनेसाठी मी जास्त श्रीमंत झाले आणि दुसरीसाठी उशिरा गरीब झाले. माझी नणंद, दोन्ही पाय धडधाकट, शाळेच्या डब्यांची मेस चालवते, तिला दर महिन्याला येतात. तिच्यावर राग नाही हो, तिने मला त्यातून कॅलिपरचा नवीन पट्टा घेऊन दिला दिवाळीत. पण बघा ना, मर्यादा एकीकडे अडीच लाख आणि दिव्यांगाला ५० हजार, हा हिशोब कोणी केला असेल?

मग ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांचे दीड हजाराचे अडीच हजार झाले. बातमी मला नवऱ्यानेच मोबाईलवर दाखवली, बिचारा खुशीत होता, त्याच्या लक्षातच नव्हतं की आपल्याला मिळत नाहीत. आणि खरं सांगायचं तर ती वाढ पण काही उपकार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ आहे, त्यात लिहिलंय की अशा योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त द्यायचं. तरी इतकी वर्षं सगळ्यांना सारखेच मिळत होते.

आता बंद काय झालं नाही ते पण लिहिते, नाहीतर कोणी वाचून घाबरून लग्नच मोडायचं. यूडीआयडी तसंच राहतं, ते तुमच्या शरीराचं आहे, नवऱ्याच्या पगाराशी संबंध नाही, फक्त पत्ता-नाव बदलायचं असेल तर पोर्टलवरून अपडेट करा. एसटीची ७५ टक्के सवलत चालू, रेल्वेची चालू, कंडक्टर कधी विचारत नाही की बाई तुझा नवरा किती कमावतो. नोकरीतलं आरक्षण तुमचं तुम्हालाच. इन्कम टॅक्स भरणाऱ्यांना अपंगत्वासाठीची ७५ हजाराची वजावट (अपंगत्व ८० टक्के किंवा वर असेल तर सव्वा लाख) ती पण स्वतःच्या उत्पन्नावर, जुनी कर पद्धत घेतली असेल तर. माझा आणि इन्कम टॅक्सचा संबंध नाही पण लिहून ठेवते, कोणाला उपयोग होईल. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, तिथे सासरच्या ग्रामपंचायतीत दिव्यांग म्हणून नाव नोंदवून घ्या, माहेरचं तिथेच राहतं आणि इकडे कोणाला माहीतच नसतं की गावात एक नवीन दिव्यांग सून आलीये. मी नोंदवलं. पहिल्या वर्षी एक स्टीलची पाण्याची टाकी मिळाली. मला उचलता येत नाही, पण मिळाली.

थोडक्यात जिथे तुमचा पाय मोजतात तिथे लग्नाने काही फरक पडत नाही, जिथे चूल मोजतात तिथे पडतो.

माझी एक शाळेतली मैत्रीण इंग्लंडमधे केअर होमला काम करते, तिच्याशी यावर बोलणं झालं. ती म्हणाली तिकडे पण असंच दोन भागांत आहे. पीआयपी म्हणून अपंगत्वाचे पैसे असतात ते जोडीदार कितीही कमावत असला तरी कमी होत नाहीत, कारण ते अपंगत्वाच्या जादा खर्चासाठी आहेत. पण युनिव्हर्सल क्रेडिट नावाचं दुसरं असतं त्यात एकत्र राहायला लागलं की, लग्न असो नसो, जोडप्याचा एकच क्लेम होतो आणि दोघांची कमाई एकत्र धरतात. तिथे पण ज्याच्यासोबत राहायचं त्याच्या पगाराचा विचार करूनच बाया सामान हलवतात म्हणे. फरक एवढाच की तिथे कमाई वाढली की पौंडामागे ५५ पेन्स असे हळूहळू कापतात, कात्रीने. आमच्याकडे कोयता. आणि पाय मोजणारे पैसे तिथे वेगळे आणि मजबूत आहेत, आमच्याकडे एसटीचं तिकीट आहे. मी तिला म्हटलं तुमच्या इथे आमच्या काकूंचं मंगळसूत्र काढून काही उपयोग झाला नसता.

आता सेतू केंद्र. नाव लिहीत नाही, आमच्याकडचे ओळखतील.

मार्चनंतर मला एक पत्र आलं, लग्नानंतर जून २०२४ ते मार्च २०२५ दहा महिने अपात्र असताना लाभ घेतला, १५ हजार रुपये चलनाने भरा. पत्र वाचून माझे हातपाय गार, म्हणजे चालतो तो पाय पण. नवरा म्हणाला भरून टाकू, ओव्हरटाईम करतो. मी सेतूत गेले. दादाने पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला, म्हणाला "ताई, तुम्ही लग्नाचं सर्टिफिकेट कधी दिलं होतं त्यांना?" मला आठवलं की मी जुलै २०२४ मधेच पत्ता बदलायचा अर्ज दिला होता, सोबत मॅरेज सर्टिफिकेटची झेरॉक्स, आणि दादाने तेव्हा मला बजावलं होतं की पोच घे, शिक्का मारून घे. ती पोच माझ्या शिवणाच्या डब्यात बॉबिनखाली होती, एका कोपऱ्यावर तेलाचा डाग, पण शिक्का आणि तारीख स्वच्छ. दादाने त्यावरून अर्धा तास बसून उत्तर टाईप केलं: मी लग्नाची माहिती लेखी दिली होती, काहीही लपवलेलं नाही, चूक माझी नाही, वसुली करू नये. एक कॉपी तहसीलला, एक पुण्याला दिव्यांग आयुक्तांना. किती झाले विचारलं तर म्हणाला प्रिंटचे वीस द्या. मी पन्नास ठेवले, त्याने तीस परत केले. उत्तर अजून आलेलं नाही पण दुसरं पत्र पण आलेलं नाही, आणि तोवर मी एक रुपया भरलेला नाही.

म्हणून सगळ्यांना सांगते, काहीही द्या, पोच घ्या. शिक्क्याशिवाय काउंटर सोडू नका. "असू द्या हो, मी ठेवतो फाईलला" असं कोणी गोड बोललं तर अजिबात हलू नका. आणि उत्पन्नाचा दाखला ऑनलाईन अर्ज केला की लोकसेवा हक्क कायद्याने १५ दिवसांत द्यायचा असतो, पंधरावा दिवस गेला की अपील करता येतं, हे पण दादानेच सांगितलं. नाव बदलायची घाई करू नका, कायद्याने सक्ती नाही, आणि बदलायचंच असेल तर आधार, बँक आणि यूडीआयडी तिन्ही एका महिन्यात बदला, माझ्यासारखं एक आज आणि एक पुढच्या संक्रांतीला असं करू नका. पगार नवऱ्याच्या उत्पन्नामुळे बंद होणारच असेल तर होऊ द्या, पण स्वतःहून लेखी कळवून बंद करा, म्हणजे मागची वसुली मागे लागलीच तर दाखवायला कागद हातात असतो.

दादाच्या सेंटरमधे वाईट काय ते पण लिहिते. सर्व्हर डाऊन हा त्याचा आवडता शब्द आहे, सर्व्हर खरंच डाऊन असतो का त्याला चहाला जायचं असतं ते देव जाणे. गर्दीत पुरुष मंडळी मधेच हात घालतात आणि तो त्यांना काही बोलत नाही. बसायला एकच बाक, त्यावर कायम कोणाचं तरी पोतं. आणि एकदा माझ्या जन्मतारखेत २३ चं ३२ टाईप केलं होतं, फॉर्म परत आला, तेव्हा मी भांडले होते. बत्तीस तारीख कुठल्या महिन्यात येते दादा, असं विचारलं, सगळी रांग हसली, त्याने दुसऱ्या दिवशी फुकट दुरुस्त करून दिला.

स्टार म्हणाल तर दादाला साडेचार. पोर्टलला दोन, ओटीपी येईपर्यंत पेज मरतं. योजना माहेरी असताना चार, सासरी आल्यावर एक, आणि तो एकही मागच्या उपकारापोटी. उत्पन्नाची मर्यादा कोणी तरी वाढवा, नाहीतर दिव्यांग व्यक्तीचं स्वतःचं उत्पन्न बघा, घराचं नको. नवरा चांगला आहे माझा, मागितले की देतो, कधी नाही म्हटला नाही. पण मागच्या महिन्यात बुटाचा सोल गेला तेव्हा मी चार दिवस तसाच घालून फिरले, कारण त्याचा पगार सात तारखेला होतो आणि तो काही म्हटला नसता तरी मलाच तोंड उघडवलं नाही. पूर्वी मी बँकेतून काढायचे आणि सरळ मोच्याकडे जायचे.

जायचं असेल तर: मंगळवारी जाऊ नका, बाजार असतो, स्कूटीला लावायला जागा नाही, त्यात साईड व्हीलवाली असेल तर विसराच. दुपारी दोन ते साडेतीन गर्दी कमी. दोन पायऱ्या आहेत आणि कठडा नाही, पण खालूनच आवाज दिला तर दादा अंगठ्याचं मशीन घेऊन बाहेर येतो, वायर दारापर्यंतच पुरते म्हणून थोडं पुढे व्हावं लागतं. झेरॉक्स शेजारच्या किराणावाल्याकडे काढा, एक रुपया कमी घेतो.